गाडीच्या रंगावर क्ले बार कसा वापरावा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

धुऊन, पुसून कोरड्या केलेल्या गाडीच्या बॉनेटवर उघडा तळहात ठेवला की पत्रा बहुधा गुळगुळीतच वाटतो. आता तोच हात एका पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि बोटांची टोके जेमतेम टेकतील इतक्या अलगदपणे त्याच जागेवरून फिरवावीत. पिशवीमुळे त्वचेचे पत्र्याला चिकटणे कमी होते आणि एरवी न जाणवणारे बारीक उंचवटे स्पष्ट कळू लागतात. वर्षभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीवर ही परीक्षा केली, तर रवा सांडलेल्या ताटावरून हात फिरवावा तशी खरखर लागते. ही खरखर धुळीची नसते, कारण धूळ पाण्याबरोबर निघून गेलेली असते. ती रंगाला घट्ट बिलगलेल्या कणांची असते आणि शाम्पूने कितीही वेळा धुतले तरी जात नाही. क्ले बार, म्हणजे हाताने मळता येणारी मऊ, मातीसारखी वडी, हे साधन या खरखरीसाठी आहे, आणि केवळ तिच्यासाठीच आहे.

म्हणून पिशवीच्या परीक्षेत खरखर लागली नाही, तर क्ले वापरू नये. क्ले कितीही मऊ असला, तरी तो रंगावर घासला जातोच, आणि कारण नसताना घासलेला रंग पुन्हा भरून येत नाही. गाडी नवी घेतली म्हणून, सण जवळ आला म्हणून किंवा क्ले घरात पडून आहे म्हणून तो काढण्यात काही अर्थ नाही. बॉनेट, टप, डिकी, चारही दारे आणि मडगार्ड यांची वेगवेगळी परीक्षा करावी. पुष्कळदा असे आढळते की दारांचा वरचा भाग स्वच्छ असतो आणि केवळ आडवे पृष्ठभाग व चाकांमागचा पट्टा खरखरीत असतो. तसे असेल तर काम तेवढ्यापुरतेच करावे.

रंगाला नेमके काय चिकटते

गाडी कुठे उभी राहते यावर तिच्या रंगाला काय चिकटणार हे ठरते, आणि ते कळल्याशिवाय ते काढायचे कसे हेही ठरत नाही. ठाणे किंवा कल्याणसारख्या गजबजलेल्या स्थानकाबाहेर, रुळांच्या शेजारी रोज दहा तास गाडी उभी राहत असेल, तर चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण तिच्यावर बसत राहतात. गाडीच्या स्वतःच्या डिस्क ब्रेकमधूनही असेच कण सुटतात आणि चाकांमागच्या पत्र्यावर जमतात. दमट हवेत हे कण गंजतात आणि गंजता गंजता रंगाच्या वरच्या थरात रुतून बसतात. पांढऱ्या गाडीच्या मागच्या भागावर टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसले की अनेकांना पत्राच गंजला अशी भीती वाटते. बहुतेक वेळा ते बाहेरून येऊन बसलेले हेच कण असतात.

रस्त्याच्या डागडुजीत वापरलेले डांबर दारांच्या खालच्या कडेवर काळ्या ठिपक्यांच्या रूपाने चिकटते. सोसायटीच्या इमारतीला किंवा फाटकाला रंगाचा फवारा मारताना गाड्या झाकल्या नाहीत, तर हवेत उडालेले रंगाचे तुषार संपूर्ण गाडीवर वाळून बसतात, आणि खरोखर क्लेचीच गरज असलेले जे थोडे प्रकार आहेत त्यांत हा अग्रभागी आहे. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात राख असते, कारखान्यांच्या शेजारी इतर कण असतात.

झाडांविषयी मात्र थोडे वेगळे सांगावे लागेल. आंबा मोहरला की त्यावरचे तुडतुडे मधासारखा चिकट द्रव सोडतात, आणि झाडाखाली उभी केलेली गाडी दोन दिवसांत हाताला चिकटू लागते. हा द्रव साखरेचा असल्यामुळे कोमट पाण्यात भिजवलेले कापड काही मिनिटे ठेवले की तो विरघळतो. त्याला क्लेची गरज नसते. झाडाच्या खोडातून किंवा फांदीतून गळलेला डिंक, राळ वाळून कडक झाली असेल, तर ती क्लेने निघू शकते. पक्ष्यांची विष्ठा मऊ करून लगेच धुवावी. ती उन्हात राहून रंगावर खड्डा पडला असेल, तर तो क्लेने भरून निघत नाही.

बोअरच्या जड पाण्याचे डाग हा आपल्याकडचा फार मोठा त्रास आहे आणि त्याबाबतच सर्वांत जास्त गैरसमज आढळतो. गाडी धुऊन उन्हात तशीच वाळू दिली की पाणी उडून जाते आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गोल कड्यांच्या रूपाने मागे राहतात. क्ले पुष्कळदा या कड्यांवरून घसरून निघून जातो, कारण त्या फारशा उंच नसतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, थंड पत्र्यावर सावलीत, मऊ कापडाने मिनिटभर लावावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. ताजे क्षार यात विरघळतात. त्यानंतरही कडे दिसत असेल, तर क्षारांनी रंगात घर केले आहे असे समजावे, आणि ते काम पॉलिशचे आहे.

सिमेंटचे वाळलेले शिंतोडे असतील तर क्ले अजिबात वापरू नये. त्यात वाळू असते, आणि सुटलेला वाळूचा कण क्लेमध्ये अडकला की तो पुढच्या प्रत्येक हालचालीत रंगावर रेघ ओढत जातो.

क्ले काय करतो

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे एकावर एक थर असतात, आणि हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी होते. त्यांतला क्लिअर कोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो ती याच थराची असते, आणि आपले सगळे काम याच थरावर चालते. ही जाडी डोक्यात ठेवून हात लावला, तर पुढच्या बहुतेक सूचना वेगळ्या सांगाव्या लागणार नाहीत.

क्ले बार नावाने माती असली तरी ती शेतातली किंवा कुंभाराची माती नव्हे. लवचीक कृत्रिम राळेत अतिशय बारीक घर्षक कण मळून ती तयार केलेली असते. हे तंत्र जपानमधून आले, आणि तादाओ कोदाते यांच्या नावाने त्याची अमेरिकी पेटंटे १९९०च्या दशकात दिली गेली. रंगावर घसरणदार द्रवाचा पातळ पडदा पसरलेला असताना क्ले त्या पडद्यावरून सरकतो. पृष्ठभाग सपाट असेल तिथे तो रंगाला जवळजवळ न घासता पुढे जातो. जिथे एखादा कण वर आलेला असेल तिथे मात्र तो कण क्लेच्या वाटेत येतो, उखडला जातो किंवा छाटला जातो आणि क्लेमध्ये रुतून बसतो. म्हणजे येथे काम दाबाने होत नाही, पडद्याने होते. ज्याने द्रव वाचवला आणि हाताचा जोर वाढवला, त्याने क्लेऐवजी पॉलिश पेपर घेतला असता तरी फारसा फरक पडला नसता, असे मी अनुभवाने म्हणतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात, एका काळ्या गाडीच्या बॉनेटवर, मी पाणी जवळजवळ संपत आलेले असताना ‘एवढेच राहिले आहे’ म्हणून कोरडेपणातच हात चालवला. उन्हात गाडी नेल्यावर त्या भागावर धुरकट, एका दिशेने ओढलेल्या रेघांचा पट्टा दिसला आणि तो घालवण्यासाठी मशीनने पॉलिश करावे लागले.

ओरखडे, कापडाने पडलेली कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे, उडालेला रंग, फिकट पडलेला जुना रंग, यांपैकी काहीही क्लेने जात नाही. क्ले केल्यावर गाडी चमकली असे वाटते ते खरखर गेल्यामुळे. ओरखडे मात्र आधीपेक्षा अधिक स्पष्ट दिसण्याचीच शक्यता असते.

मॅट रंगाच्या गाडीवर क्ले वापरू नये, कारण घासल्याने तिथे चकाकणारे पट्टे पडतात आणि ते परत मॅट करता येत नाहीत. विनाइलचे आवरण, नुकताच गॅरेजमध्ये मारलेला आणि अजून पुरता न मुरलेला रंग, काळे प्लास्टिक आणि रबरी पट्ट्या यांपासूनही तो दूर ठेवावा. सिरॅमिक कोटिंग केलेले असेल तर क्लेने ते झिजू शकते, म्हणून ज्यांनी ते केले त्यांना विचारूनच हात घालावा.

साहित्य

क्ले सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा प्रकारांत मिळतो. पहिल्यांदा करणाऱ्याने सौम्य प्रकारच घ्यावा, मग गाडी कितीही खरखरीत असो. सौम्य क्लेने दोनदा फिरवून जे निघते ते तीव्र क्लेने एकदा फिरवून निघेल खरे, परंतु त्याबरोबर क्लिअर कोटवर धुरकटपणा येईल आणि तो काढण्याचे साधन व कौशल्य नवशिक्याजवळ नसते. क्लेच्या रंगावरून तीव्रता ओळखू नये. निळा म्हणजे सौम्य आणि लाल म्हणजे तीव्र असे सर्व कंपन्या पाळत नाहीत, म्हणून वेष्टनावर लिहिलेले वाचावे. हॅचबॅकसारख्या लहान गाडीला १०० ग्रॅमचा क्ले पुरेसा होतो.

घसरण देणाऱ्या द्रवासाठी क्लेबरोबर मिळणारी स्प्रेची बाटली उत्तम, पण ती लवकर संपते, आणि संपू लागली की हात आपोआप आखडतो. म्हणून पीएच संतुलित कार शाम्पू साधारण १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे, एक लिटर पाण्यात मिसळून फवारणीच्या बाटलीत भरून ठेवावा. वेष्टनावर क्लेसाठी शाम्पू वापरू नये असे लिहिले असेल तर मात्र त्याच कंपनीचा द्रव घ्यावा, कारण काही शाम्पूंमुळे काही क्ले विरघळून चिकट होतात. भांडी घासण्याचा साबण घेऊ नये, आणि नुसते पाणी तर मुळीच पुरेसे नाही. हे मिश्रण शक्य असल्यास आरओच्या किंवा कमी क्षारांच्या पाण्यात करावे; बोअरच्या पाण्यात केले तर वाळल्यावर तेच पांढरे डाग परत येतील.

याखेरीज दोन बादल्या, धुण्यासाठी मऊ मिट (हातात घालायचा मोजा), कडेने शिवण नसलेली चार-पाच स्वच्छ मायक्रोफायबर कापडे, डांबर काढण्याचे द्रावण आणि लोहकण काढणारे द्रावण लागते. जुना बनियन, अंग पुसायचा टॉवेल किंवा पिवळे फ्लॅनेल यांनी काम भागवू नये. डांबरासाठी रॉकेल वापरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे; त्याने डांबर निघते हे खरे असले, तरी ते रबर खराब करते आणि मागे तेलकट थर ठेवते, म्हणून मी ते टाळतो.

क्लेच्या आधीची तयारी

काम सावलीत, थंड पत्र्यावर करावे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सावलीतला पत्राही तापलेला असतो, द्रव क्षणात उडतो आणि क्ले वितळल्यासारखा मऊ होऊन रंगावर चिकटून राहतो. अशा दिवसांत पहाटे सहाची वेळ गाठावी किंवा काम पुढे ढकलावे. पहिल्यांदा करणाऱ्याला लहान गाडीलाही धुण्यापासून वॅक्सपर्यंत चार-पाच तास लागतात, हे धरून चालावे.

प्रथम गाडीवर नुसते पाणी मारून सुटी माती वाहू द्यावी. कोकणातून आलेल्या गाडीवर जांभ्याची लाल धूळ बसलेली असते. तिला कापड लावण्यापूर्वी दोनदा पाणी द्यावे. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी ठेवून मिट प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून घ्यावा आणि वरून खाली धुवत यावे. सोसायटीत पाण्याची ओढ असेल तर पाण्याचा जोर कमी ठेवला तरी चालेल, परंतु ही पायरी गाळून क्लेला हात घालू नये. धुळीचा एक कण क्लेखाली सापडला, तरी त्याची रेघ दिसते.

त्यानंतर डांबराचे ठिपके काढावेत. द्रावण कापडावर घेऊन ठिपक्यावर अर्धा-एक मिनिट टेकवून ठेवावे, मग न घासता अलगद पुसावे आणि तो भाग धुवावा.

मग लोहकण काढणारे द्रावण घ्यावे, आणि ही पायरी मी नवशिक्यांना आग्रहाने सांगतो. ते ओल्या, थंड पत्र्यावर फवारले की लोखंडाच्या कणांशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि काही मिनिटांत जांभळट-लाल ओघळ दिसू लागतात. वास उग्र असतो, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करावे, आणि द्रावण वाळण्यापूर्वी, वेष्टनावर दिलेल्या वेळेत, भरपूर पाण्याने धुवावे. याचे महत्त्व असे की रुतलेल्या लोहकणाचा वर आलेला भाग क्ले छाटून टाकतो, बोटांना पृष्ठभाग गुळगुळीत लागतो आणि आपण समाधानाने वॅक्स लावतो. परंतु कणाचा खालचा भाग रंगात तसाच राहतो आणि गंजत जातो. द्रावण त्याला मुळापासून सोडवते. शिवाय बरेचसे कण आधीच निघून गेल्यामुळे क्लेला घासण्याचे काम कमी उरते. जांभळे ओघळ आलेच नाहीत, तर ते आनंदाचे समजावे आणि बाटली ठेवून द्यावी.

एवढे झाले की पिशवीची परीक्षा पुन्हा करावी. पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत निम्मी खरखर येथेच गेलेली असते, आणि मग क्ले फक्त टप आणि बॉनेटपुरताच लागतो.

प्रत्यक्ष काम

क्लेचे दोन-तीन तुकडे करावेत. एकच तुकडा वापरायला घेऊन बाकीचे डबीत ठेवावेत, म्हणजे एक जमिनीवर पडला तरी काम थांबत नाही. हातातला तुकडा चपातीच्या लहान उंड्याएवढा असावा. तो बोटांनी मळून मऊ करावा आणि तीन बोटे नीट टेकतील एवढी चपटी चकती करावी. थंडीत तो कडक राहिला तर कोमट पाण्यात दोन मिनिटे ठेवावा. हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे आणि पट्ट्याचे बक्कल पत्र्याला घासणार नाही याची काळजी घ्यावी.

सुरुवात बॉनेटपासून करू नये. मागच्या दाराचा मधला भाग, जिथे काही चुकले तरी रोज डोळ्यांसमोर येणार नाही, असा निवडावा आणि तिथे दोन फूट लांब व दोन फूट रुंद एवढाच चौकोन घ्यावा. त्यावर द्रव भरपूर फवारावा, चकतीवरही फवारावा. मग चकती पत्र्यावर ठेवून केवळ बोटांच्या वजनाने, सरळ रेषेत, पुढे-मागे फिरवावी. गोल गोल फिरवू नये. चुकून रेघ पडलीच, तर सरळ रेघ वर्तुळापेक्षा कमी दिसते आणि पुढे पॉलिशने काढायलाही सोपी जाते.

पहिल्या काही फेऱ्यांत चकती अडखळते आणि बारीक करकर असा आवाज येतो. हाच तो क्षण आहे जेव्हा नवशिक्या जोर लावतो. जोर लावू नये. द्रव पुन्हा फवारावा आणि त्याच हलक्या हाताने फिरवत राहावे. सहा-आठ फेऱ्यांत आवाज मंदावतो, मग थांबतो, आणि चकती लोणी लावल्यासारखी सरकू लागते. ती सरकू लागली म्हणजे त्या चौकोनाचे काम संपले. त्यापुढे एकही फेरी करू नये. अडखळणे कमी होत नसेल, चकती चिकटून ओढली जात असेल, तर द्रव कमी आहे. अडखळणे एकाच ठिकाणी राहत असेल, तर तिथे डांबर किंवा राळ आहे आणि तिला द्रावण लावून मऊ करणे हे घासण्यापेक्षा योग्य आहे.

चौकोन संपल्यावर स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने तो पुसावा, पिशवीत हात घालून तपासावा आणि चकती उलटून पाहावी. तिच्यावर करडा, तपकिरी मळ उमटलेला दिसतो. कणीक दुमडून मळतात तशी ती दुमडून मळावी, म्हणजे मळ आत जातो आणि स्वच्छ बाजू वर येते. प्रत्येक चौकोनानंतर हे करावे, आळस करू नये, कारण मळलेल्या बाजूने पुढचा चौकोन घासणे म्हणजे काढलेले कण पुन्हा रंगावर फिरवणे होय. मळल्यानंतरही संपूर्ण चकती काळपट दिसू लागली की तो तुकडा बाजूला ठेवून दुसरा घ्यावा.

तुकडा जमिनीवर पडला तर तो रंगावर पुन्हा लावू नये. पाण्याने धुऊन वाळू निघाली असे वाटते, परंतु क्लेचा गुणच कण पकडून ठेवण्याचा आहे, आणि ओल्या मऊ क्लेने एकदा पकडलेला वाळूचा कण डोळ्यांना दिसत नाही. आधी तुकडे करून ठेवण्याचे कारण हेच.

वरून खाली यावे: टप, काचांखालचा पत्रा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि सर्वांत शेवटी चाकांमागचे व दारांखालचे पट्टे, कारण सर्वाधिक मळ तिथेच असतो. पत्र्याच्या कडा आणि रेषा यांवर क्लिअर कोट पातळ असतो, म्हणून तिथे हात आणखी हलका ठेवावा. द्रव कुठेही वाळू देऊ नये. म्हणूनच दोन फुटांचा चौकोन सांगितला आहे, संपूर्ण बॉनेट एकदम नव्हे.

बाजारात क्लेचा थर दिलेले मिट आणि टॉवेलही मिळतात. त्यांनी काम लवकर होते आणि खाली पडले तर धुऊन वापरता येतात. तरीही पहिली एक-दोन वेळ साधा क्लेच वापरावा, असे माझे मत आहे. हाताखालच्या चकतीतून अडखळणे आणि सुटणे जसे बोटांना कळते, तसे जाड मिटमधून कळत नाही, आणि ते एकदा बोटांत बसले की पुढे कोणतेही साधन घेतले तरी हात कुठे थांबायचा ते ओळखतो.

क्लेनंतर

सगळे झाल्यावर गाडी पुन्हा एकदा शाम्पूने धुऊन कोरडी करावी, म्हणजे द्रवाचा थर आणि क्लेचे चिकटलेले बारीक तुकडे निघून जातात. रंगावर क्लेचा एखादा डाग चिकटलाच, तर नखाने खरवडू नये. द्रव फवारून मऊ कापडाने उचलावा. मग गाडी उन्हात नेऊन किंवा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून रंग पाहावा. काळ्या, गडद निळ्या किंवा गडद लाल गाडीवर फिकट धुरकट पट्टे दिसू शकतात. पुरेसा द्रव वापरला असेल तर ते अगदी पुसट असतात आणि हाताने लावण्याच्या सौम्य पॉलिशने जातात. पांढऱ्या व चंदेरी गाडीवर ते बहुधा दिसतही नाहीत.

क्लेने रंगावरचे जुने वॅक्स बऱ्याच अंशी निघून गेलेले असते, त्यामुळे रंग त्या क्षणी उघडा असतो. म्हणून त्याच दिवशी, गाडी रस्त्यावर नेण्यापूर्वी, वॅक्स किंवा सीलंटचा (वॅक्ससारख्याच कृत्रिम लेपाचा) पातळ थर द्यावा. ‘उद्या लावू’ म्हणून ठेवलेली गाडी रात्रीच्या दवात आणि धुळीत उभी राहिली, तर सकाळी ती पुन्हा धुवावी लागते. वॅक्स जाड लावल्याने जास्त टिकत नाही. ते पातळ लावून, वेष्टनावर सांगितलेला वेळ थांबून, स्वच्छ कापडाने पुसून घ्यावे.

वर्षातून एकदा, फार तर दोनदा, एवढे बहुतेक गाड्यांना पुरते, आणि तेही पिशवीची परीक्षा सांगेल तेव्हाच. आपल्याकडे यासाठी पावसाळा संपतानाचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. चार महिन्यांचा चिखल, डांबर आणि झाडांची गळ तोवर साचलेली असते, हवा फार तापलेली नसते, आणि दसऱ्याला वाहनपूजा व्हायची असते. पूजेच्या आदल्या आठवड्यात क्ले करून वॅक्स लावले असेल, तर बॉनेटवर ओल्या कुंकवाने काढलेले स्वस्तिक दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याने निघते. उघड्या, खरखरीत रंगावर मात्र लाल छाया राहून जाते. झेंडूचे तोरण बांधताना त्याची सुतळी थेट पत्र्यावर घासणार नाही, असे पाहावे.

क्ले करून गुळगुळीत झालेला रंग पुन्हा खरखरीत व्हायला महिने लागतात, पण त्यावर ओरखडे पडायला एक सकाळ पुरते. रोज गाडी पुसणाऱ्याला कोरडा फडका मारण्याऐवजी एक दिवसाआड ओल्या, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायला सांगावे, आणि ती कापडे व वेगळी बादली आपण स्वतः द्यावी. दहा गाड्यांना एकच बादली वापरणे त्याला परवडते म्हणून तो तसे करतो; साधन दिले तर काम बदलते, हा माझा अनुभव आहे.

उरलेल्या स्वच्छ तुकड्यांवर थोडा द्रव फवारून ते मूळ डबीत किंवा हवाबंद पिशवीत ठेवावेत आणि घरात, थंड जागी ठेवावेत. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवले तर ते वितळून पिशवीला चिकटतात. रंगासाठी निरुपयोगी झालेला, पण जमिनीवर न पडलेला मळकट तुकडा वेगळ्या डबीत ठेवून पुढच्या काचेसाठी वापरावा. तिथेही भरपूर द्रव आणि हलका हात हवाच, परंतु वायपर ज्या बारीक चिकट थरावर अडखळत कुरकुरतो, तो या जुन्या तुकड्याने निघतो. काचेचे काम झाले की तोच तुकडा अलॉय चाकांच्या पुढच्या बाजूवर एकदा फिरवावा, आणि मग मात्र तो टाकून द्यावा.